फोटोत मावले नाही

आमच्या घरी कपाटावर एक पिस्तूल ठेवलेले असते. दिवाळीच्या दिवसांत पिस्तूल म्हटले की टिकल्यांचा वास आठवावा, पण हे त्यातले नव्हे. याला नळी नाही आणि टिकल्यांची गुंडाळी घालायला जागाही नाही. आहे ती नुसती मूठ, आणि तिच्या पुढच्या अंगाला दाबायचा घोडा. शेजारची मुले सुटीत येतात, एकमेकांवर रोखून दोनचार वेळा घोडा दाबतात, आणि काहीच होत नाही म्हणून निराश होऊन ते जागेवर ठेवून देतात. काहीच होत नाही हे मात्र खरे नव्हे. त्या मुठीच्या तळाशी एका वाटीत धातूचा गोळा बसवलेला आहे. घोडा दाबला की तो सुटा होतो, सोडला की जागच्या जागी आवळला जातो. कॅमेऱ्याच्या तिपाईवर बसवायचे हे डोके. फोटोवाले त्याला हेडच म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की मला आता दोन डोकी झाली आहेत आणि दोन्ही एकाच बाजूला कलतात.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिक झालो, चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि नोकरीला लागलो; कॉलेजचे तोंड पाहिले नाही. शाळा सुटल्यावर उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा तत्त्वज्ञान सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि दिवाळी अंकात ते ऐकण्याची हौस तुम्हालाही नसणार. पण या मुठीने मला एक प्रश्न घातला आहे, आणि तो तुमच्यापुढे ठेवल्यावाचून मला राहवत नाही. ‘हे माझ्याच्याने झाले नाही’ असे म्हणण्याचा हक्क माणसाला नेमका केव्हा येतो?

ही वस्तू माझ्याकडे आली २००८ साली. माझे मेहुणे पुण्याला लग्नाचे फोटो काढतात. त्यांनी नवे हेड घेतले आणि जुने माझ्या हातात ठेवत म्हणाले, “दाजी, हे घेऊन जा. तीन दांड्या पिळत बसायची कटकट संपेल.” तोवर मी शाळेची जुनी तिपाई वापरत असे, आणि तिच्या डोक्याला खरोखरच तीन दांड्या होत्या. एक सैल केली की कॅमेरा डावीउजवीकडे वळायचा, दुसरी सैल केली की पुढेमागे झुकायचा, तिसरी सैल केली की आडव्याचा उभा व्हायचा. एका वेळी एकच दिशा मोकळी. काम सावकाशीचे, पण एकदा जमवलेली दिशा दुसरी जमवताना बिघडत नसे.

मुठीचा कारभार निराळा. घोडा दाबला की सगळ्या दिशा एकदम मोकळ्या होतात, सोडला की एकदम बंद. तिरपे झालेले क्षितिज सरळ करायला जावे, तर मघाशी बरोबर मध्यावर धरलेले देऊळ कडेला सरकते. शिवाय घोडा सोडताना कॅमेऱ्याचे तोंड केसभर खाली येते. भिंग जड असेल तर अधिक. मग हवे त्याहून किंचित वर धरून सोडायची सवय हाताला लागते. मुलांना शिस्त लावताना आम्ही मास्तरही हेच करतो, असे माझे जुने मत आहे. पण तो विषय स्वतंत्र.

गोळा सुटा झाला म्हणजे कॅमेरा वाटेल तिकडे फिरेल, असे पहिल्या दिवशी वाटते. फिरत नाही. मूठ कलवत नेली की एका ठिकाणी तिची मान वाटीच्या काठाला टक्कन लागते. तिथून पुढे बंदी. मला वाटले, मेहुण्यांनी बिघडलेला माल आमच्या गळ्यात मारला. पण थोडा विचार केल्यावर कळले की हा बिघाड नव्हे. वाटीने गोळ्याचा अर्ध्याहून अधिक भाग कवेत घेतला नाही, तर गोळा वाटीत राहणारच नाही. काठ जितका वर चढेल तितकी पकड पक्की आणि हालचाल कमी. काठ खाली उतरवावा तर हालचाल वाढेल, पण पकड जाईल. आपल्या शरीरातही असेच दोन सांधे आहेत. खांद्याची खोबण उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो. आणि मोठ्या सांध्यांत सगळ्यांत अधिक निखळतो तो खांदाच. खुब्याची खोबण खोल. पाय हातासारखा फिरत नाही, पण तो सहजासहजी निखळतही नाही. काठाशिवाय गोळा म्हणजे मोकळा गोळा नव्हे, खाली पडलेला गोळा. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात एका कबुतराची कल्पना केली आहे. उडताना हवेचा विरोध जाणवणाऱ्या त्या कबुतराला वाटते, हवाच नसती तर आपण आणखी छान उडालो असतो. त्या कबुतरात आणि पहिल्या दिवशीच्या माझ्यात फारसा फरक नव्हता.

आता उभ्या फोटोची अडचण. कॅमेऱ्याची चौकट आडवी असते. ती उभी करायची तर मूठ काटकोनात आडवी झाली पाहिजे, आणि काठ तिला तितके जाऊ देत नाही. म्हणून कारागिराने काठाला एका बाजूला एक खाच पाडली आहे. मान त्या खाचेत उतरवली की मूठ पुरती आडवी होते. सगळीकडे खाचा पाडल्या तर काठच उरणार नाही. म्हणून माझ्या हेडला एकच. आणि खाचेलाही तळ आहे. मान तळाला टेकली की काटकोन पुरा झाला; त्यापुढे एक रेषही नाही. तिपाई जमिनीवर सरळ उभी असेल तर एवढे पुरते. पण ती खाचेच्या विरुद्ध बाजूला कललेली असेल, तर मान तळाला टेकूनही मूठ थोडी वरच राहते आणि उभी चौकट तिरपी दिसते. ती सरळ करायला लागणारे तीनचार अंश त्या डोक्यात नसतात. घोडा कितीही दाबा, डोके ऐकत नाही.

हे यंत्रपुराण एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण आता येते.

२००९ सालचा डिसेंबर महिना. शाळेची स्मरणिका निघायची होती आणि फोटो काढण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले होते. आमच्या शाळेचे शिपाई मामा पुढच्या मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. खेड्यापाड्यांतल्या शाळांत शिपायाला मामा म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या मामांना दुसरे नाव आहे, याचा विद्यार्थ्यांना पत्ताही नसे. शाळेची घंटा म्हणजे कडुनिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला रुळाचा एक तुकडा. तीस-एक वर्षे मामांनी लोखंडी दांड्याने त्यावर टोल दिले. त्या टोलावर आमच्या गावाने जेवणे केली, गुरे सोडली, एसटी गाठली. तेव्हा स्मरणिकेत मामांचा घंटेसह फोटो हवा, ही सूचना माझीच.

शाळा सुटायच्या वेळेला मी तिपाई लावली. आमचे पटांगण डोंगराच्या पायथ्याशी, उतरते. कडुनिंबापासून दहा फुटांवर कुंपणाची भिंत, म्हणजे त्याहून मागे जाता येत नव्हते. कॅमेऱ्याला भिंग एकच, पन्नास मिलिमीटरचे. तेवढ्या अंतरावरून आडव्या चौकटीत जेमतेम तीन फूट उंची मावे, उभीत साडेचार. रुळाच्या वरच्या टोकापासून मामांच्या छातीपर्यंत यायला साडेचार फूट पुरेसे होते, तीन मुळीच पुरेसे नव्हते. झाडाखाली उजेड उतरू लागला होता, म्हणून फोटोला अर्धा सेकंद द्यावा लागणार होता. कॅमेरा नुसत्या हातात धरून भागणार नव्हते. फ्लॅश टाकून माणसाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा करणे मला मान्य नव्हते. मी चित्रकलेचा मास्तर, मला अशा गोष्टींचा मोठा अभिमान.

मामा त्या दिवशी धुतलेली, इस्त्रीची टोपी घालून आले होते.

“टोपी दिसंल न्हवं, सर?” त्यांनी विचारले.

“दिसेल, दिसेल,” मी म्हणालो.

मामांनी दांडा उचलून हात वर धरला. मी मूठ आडवी केली, मान खाचेत उतरवली, आणि चौकटीतून पाहतो तो कडुनिंबाचे खोड, रूळ, मामा, सगळे तिरपे. मूठ आणखी खाली दाबली. टक्. पुन्हा दाबली. टक्. मामांचा हात वरच होता. मी तिसऱ्यांदा दाबून पाहिले, मग मान खाचेतून काढली, कॅमेरा आडवा केला आणि म्हणालो, “मामा, उभा फोटो या स्टँडवर येत नाही.”

“असू द्या, सर,” मामा म्हणाले. “यंत्रापुढं कुणाचं चालतंय?”

आडव्या चौकटीत एकतर रूळ आणि हात येणार, किंवा चेहरा. मी रूळ आणि हात घेतले. चेहऱ्याचा एक वेगळा काढू, असे मी म्हणालो होतो. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा निरोप आला आणि उजेडही गेला. मेपर्यंत पाच महिने होते. पाच महिन्यांत तो फोटो काढायचे राहून गेले.

यानंतर घडले ते सांगायला मला अधिक जड जाते. तो फोटो चांगला निघाला. फांदी, काळाकभिन्न रूळ, दांडा पेललेला शिरांनी भरलेला हात, आणि खालच्या कडेला एक पांढरे टोक. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर तोच छापला. प्रकाशनाच्या दिवशी पाहुणे म्हणाले, “वा! चेहरा न दाखवता श्रमाचे केवढे दर्शन!” आणि मी, ज्याने भिंतीला पाठ टेकून तीनदा टक् असा आवाज ऐकला होता, विनयाने मान खाली घालून म्हणालो, “चेहरा मुद्दामच टाळला. एका माणसाचा फोटो होण्यापेक्षा सगळ्या कष्टकऱ्यांचा व्हावा, असे मनात होते.” डिसेंबरात जी यंत्राची अडचण होती, ती फेब्रुवारीत माझी कला झाली. मामा मागच्या रांगेत उभे होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी गावातल्या जुन्या स्टुडिओत गेलो होतो. तिथल्या वृद्ध मालकांनी काळ्या बुरख्यात डोके घालून काचेवर फोटो घेतलेला काळ पाहिला होता. त्यांची शिसवी तिपाई कोपऱ्यात अजून उभी होती. बोलता बोलता मी माझ्या हेडची तक्रार सांगितली. ते काही बोलले नाहीत. माझी तिपाई घेऊन दुकानाबाहेरच्या उतारावर गेले, ती तशीच्या तशी अर्धी फिरवली, त्यामुळे खाच उताराच्या बाजूला आली. मूठ खाचेत उतरवली, आणि चौकट सरळ उभी झाली. वर चार अंश शिल्लक. मग त्यांनी तिपाई पुन्हा पहिल्यासारखी ठेवली, उताराकडच्या पायाची कळ सैल करून तो पाय चार बोटे लांब केला, आणि त्या रीतीनेही चौकट सरळ केली. दोन्ही मिळून मिनिटही लागले नसेल. “मास्तर,” ते म्हणाले, “आधी पाय बघायचे, मग डोक्याला दोष द्यायचा. आणि कॅमेरा ज्या अंगाला लोंबतो त्या अंगाला एक पाय असू द्या, नाहीतर एक दिवस सगळेच तोंडावर येईल.” मी हसलो, आभार मानले, चहा घेतला. रात्री अंथरुणावर पडलो आणि मामांचा वर धरलेला हात डोळ्यांपुढे आला.

चौकट चार अंश तिरपी असती तरी काय बिघडले असते, हे तर मी अजून सांगितलेच नाही. मामा आले असते, टोपी आली असती. नंतर संगणकावर फोटो सरळही करता आला असता, फार तर कडा कापल्या गेल्या असत्या. पण तिरपा फोटो माझ्या हातून निघायचा नव्हता.

एपिक्टेटस नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. पायाने अधू, आणि आयुष्याचा पहिला भाग गुलामीत गेलेला. त्याच्या शिष्याने त्याची शिकवण एका छोट्या पोथीत उतरवून ठेवली आहे, आणि तिचा आरंभच असा आहे की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. हा भेद ओळखा म्हणजे सुखी व्हाल. कांटच्या नावावरही एक विचार सांगतात, की एखादी गोष्ट ‘करायला हवी’ म्हणायचे तर ती ‘करता येते’ हे आधी धरून चालावे लागते. जे होणारच नाही त्याचे कर्तव्य कोणावर लादता येत नाही. दोन्ही विचार मला फार दिवस आधार देत आले होते. उतार माझ्या हातात नव्हता. भिंत नव्हती. खाच एकाच बाजूला होती, तीही मी पाडलेली नव्हती. सगळी विधाने खरी. कोर्टात शपथेवर सांगावीत इतकी खरी. आणि त्या सगळ्यांच्या खाली तिपाईचे तीन पाय होते, ज्यांच्याकडे मी पाहिलेच नाही. हातातले आणि हाताबाहेरचे यांच्यामधली रेघ कोणी आधी आखून ठेवलेली नसते. ती आपणच आखतो, आणि बहुधा आपण दमलो असू तिथे आखतो.

चंद्रावर माणसे नेणाऱ्या अपोलो यानांतही अशी एक अडचण होती. दिशा राखणाऱ्या यंत्रात एकात एक अशा तीन कड्या होत्या. मधली कडी ठराविक कोनापलीकडे गेली की दोन कड्या एकाच पातळीत येत आणि यंत्राला दिशेचे भान राहत नसे. १९६९ साली अपोलो ११ मध्ये बसलेल्या मायकेल कॉलिन्स यांनी पृथ्वीवरच्या मंडळींना गमतीने विचारले होते, की नाताळची भेट म्हणून मला एक चौथी कडी पाठवता का? थट्टा केली आणि यान त्या कोनापासून दूर ठेवले. मर्यादेबद्दल कुरकुर करायला हरकत नाही. कॉलिन्स यांचे हात चालू होते, एवढेच.

पण थांबा. इथे मी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका आहे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात ‘इच्छा तेथे मार्ग’ असे ठळक अक्षरांत रंगवले आहे. रंगवले आहे मीच. त्या भिंतीखालून एक मुलगा नववीत शाळा सोडून गेला. वडील गेले होते, मागे दोन भाऊ होते, आणि वीटभट्टीवर रोज मिळत होता. त्याची इच्छा कमी होती असे ज्याला म्हणायचे असेल त्याने माझ्यासमोर म्हणून दाखवावे. त्याच्यापुढे खरोखरच काठ होता. त्याला पाय हलव म्हणणे म्हणजे त्याच्या दुःखावर वर आणखी अपराधाचे ओझे ठेवणे.

आणि एक मुलगी होती, डावखुरी. पाचवीत असताना तिला कागद नीट कापता येत नसे, कडा फाटत. मी तिच्या वहीवर लिहिले होते, ‘हस्तकलेची आवड नाही.’ पुढे केव्हातरी मला कळले की आपल्या साध्या कात्र्यांची पाती उजव्या हाताच्या हिशेबाने बसवलेली असतात. डाव्या हातात धरली की दाबाने पाती एकमेकांपासून दूर जातात आणि कागद कापला न जाता दुमडतो. मुठीच्या हेडमध्येही काही नमुने उजव्या हाताचेच असतात, काही मात्र फिरवून डाव्या हाताला लावता येतात. त्या मुलीच्या हाताला काही झालेले नव्हते. कात्री तिची नव्हती. मी मात्र कात्रीचा दोष हाताच्या नावावर मांडला, आणि मामांच्या वेळी हाताचा दोष यंत्राच्या नावावर.

माझ्या ध्यानात येते ते इतकेच, की स्वतःचा प्रश्न आला की आपण काठ दाखवतो आणि दुसऱ्याचा आला की त्याला त्याचे पाय दाखवतो. भट्टीवर गेलेल्या मुलासाठी व्हरांड्यात सुभाषित, आणि माझ्यासाठी उतार, भिंत, भिंग, खाच. हिशेब उलटा मांडायला हवा, हे कळते. कळल्यावर दरवेळी तसा मांडतो, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

सौभाग्यवतींना हे सारे पटत नाही. “एक फोटो राहिला, त्याचे एवढे काय?” त्या म्हणतात. “माणूस का फोटोत राहतो? आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा दोष स्वतःकडे ओढून घेणे हाही एक तोराच आहे तुमचा.” यातले दुसरे वाक्य मला लागते, कारण ते बरेचसे खरे आहे. पहिल्याला माझ्याकडे उत्तर होते, पण ते २०१२ साली मिळाले.

मामा त्या वर्षी पावसाळ्यात गेले. महिन्याभराने त्यांचा मुलगा शाळेत आला. घरात मामांचा धड असा फोटोच नव्हता. मतदार ओळखपत्रावरचा होता, तो मोठा केला तर माणूस ओळखू येईना. “सर, तुम्ही बाबांचा घंटेजवळ फोटो काढला व्हता. बाबा लई सांगायचे. इस्त्रीची टोपी घातली व्हती म्हनायचे. त्यातला चेहऱ्याचा असंल तर द्या, भिंतीला लावायचाय.”

तोपर्यंत स्टुडिओतल्या म्हाताऱ्यांनी मला सगळे शिकवले होते. मला सगळे ठाऊक होते. मी म्हणालो, “चेहऱ्याचा निघाला नाही रे. त्या स्टँडवर उभा फोटो यायचा नाही. चेहरा मावला नाही.”

त्याने मान हलवली. बापासारखेच म्हणाला, “असू द्या, सर.” मी त्याला हाताचा फोटो मोठा करून, चौकटीत घालून दिला. पैसे घेतले नाहीत, आणि ते न घेतल्याचे मला थोडे बरेही वाटले. पैसे न घेणे किती सोपे असते!

अलीकडे अलीकडे मी त्या हेडवर पुष्कळ उभे फोटो काढतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाचा एक, वर्षाच्या शेवटी. आधी पाय लावतो. मुले कंटाळतात; “सर, मोबाइलवर काढा की पटकन” असे म्हणतात, आणि तेही काही खोटे नाही. खाच उताराकडे करतो, लोंबत्या बाजूला एक पाय देतो, घोडा सोडताना होणाऱ्या घसरणीचा अंदाज धरतो. कधी मान काठाला लागून टक् आवाज होतो. तेव्हा क्षणभर हात थांबतो.

२०२३ सालच्या दिवाळीत मामांच्या घरी फराळाला जाण्याचा योग आला. मुलाने ओसरी बांधून घेतली आहे. आत शिरताच समोरच्या भिंतीवर तो फोटो. रूळ, हात, दांडा. चौकटीला झेंडूचा ताजा हार. हाराची फुले नेमकी खालच्या कडेवर आली होती. मामांची आठ-नऊ वर्षांची नात चकलीची बशी घेऊन आली. मी फोटोकडे पाहतो आहे असे पाहून तिने हार बाजूला केला आणि ते पांढरे टोक मला बोटाने दाखवले.

“ही आजोबांची टोपी,” ती म्हणाली.

“आणि आजोबा?” मी का विचारले कोण जाणे.

“आजोबा मावले नाहीत,” तिने सांगितले. “ते उंच होते ना.”

मामा उंच नव्हते. माझ्या खांद्याला लागत. तिचा बाप आतून हसत म्हणाला, “तसं न्हाई गं. ते सरांचं यंत्र होतं ना, त्यात उभा फोटो येत नसायचा.” आणि माझ्याकडे वळून, मी दुजोरा द्यावा म्हणून, “व्हय ना, सर?”

मी चकली तोंडात घातली आणि मान हलवली.

या अंकाची एक प्रत मी त्या घरी नेऊन देणार आहे. मुलगा वाचेल की नाही सांगता येत नाही, त्याला वेळ नसतो. नात मात्र हाती लागेल ते सगळे वाचते, असे ऐकतो.